बायर आणि मोन्सॅन्टो एक झाल्या, तेव्हा केळापूरच्या पऱ्हाटीचा विचार दिल्लीत कोण करत होतं?

जून उजाडला की पांढरकवड्यातल्या कृषी केंद्रांसमोर गर्दी वाढते. केळापूर तालुक्याचं हे मुख्यालय. नागपूर-हैदराबाद हायवे इथूनच जातो, थोडं पुढे गेलं की तेलंगणा लागतं. काळी जमीन आणि पऱ्हाटी, म्हणजे आपली कपाशी, हे इथलं जुनं समीकरण. दुकानात संवादही ठरलेला असतो. "भाऊ, कोन्तं देऊ?" "मागच्या साली नेलं होतं, थेच द्या."

काउंटरवर दहा-बारा कंपन्यांची पाकिटं मांडलेली असतात. नाव वेगळं, फोटो वेगळा, दावा वेगळा. बघणाऱ्याला वाटतं, काय जबरदस्त स्पर्धा आहे.

पण पाकिटाच्या आत बोंडअळीला मारणारं जे बीटी जनुक असतं, ते बहुतेक सगळ्या पाकिटांत एकाच ठिकाणाहून आलेलं आहे. मोन्सॅन्टो. आणि ही मोन्सॅन्टो कंपनी २०१८ मध्ये जर्मनीच्या बायरने विकत घेतली. सौदा साधारण ६६ अब्ज डॉलरचा.

आता तुम्ही म्हणाल, जर्मन कंपनीने अमेरिकन कंपनी घेतली, त्यात आपला काय संबंध? तर संबंध आहे. या सौद्याला अमेरिका आणि युरोपबरोबर भारताचीही परवानगी लागली होती, आणि ती सहजासहजी मिळाली नाही. ती देणारी संस्था म्हणजे भारतीय स्पर्धा आयोग, थोडक्यात सीसीआय.

बातम्यांमध्ये आपण नेहमी वाचतो, 'अमुक विलीनीकरणाला सीसीआयची मंजुरी'. एका ओळीची बातमी असते, आपण स्क्रोल करून पुढे जातो. ही मंजुरी देताना नेमकं तपासतात काय, हे समजून घ्यायला कापसाचा हा किस्सा सगळ्यात बरा आहे, कारण यात जवळपास सगळे प्रश्न एकाच वेळी आले होते.

आधी थोडं मागे जाऊ

भारतात बीटी कापसाला परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. त्यामागे होती महिको मोन्सॅन्टो बायोटेक ही कंपनी. महिको म्हणजे जालन्याची महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये सुरू केलेली. महिको आणि मोन्सॅन्टो यांनी निम्मी-निम्मी भागीदारी करून ही तिसरी कंपनी काढली. तिचं काम दुकानात बियाणं विकणं हे मुख्य नव्हतं. ती इतर बियाणं कंपन्यांना जनुक वापरायचा परवाना द्यायची आणि प्रत्येक पाकिटामागे रॉयल्टी घ्यायची.

ही रॉयल्टी किती होती? २००५ च्या सुमारास ४५० ग्रॅमचं पाकीट १,६०० रुपयांच्या वर गेलं होतं आणि त्यातले १,२५० रुपये फक्त जनुकाचे होते. म्हणजे सरकीपेक्षा जनुकच महाग. शेवटी आंध्र प्रदेश सरकार २००६ मध्ये एमआरटीपी आयोगाकडे गेलं. एमआरटीपी म्हणजे मक्तेदारीला आळा घालणारी त्या वेळची संस्था. त्यानंतर आंध्रने पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आणली, बाकी राज्यंही त्या वाटेने गेली. महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यांच्या किमतीसाठी स्वतःचा कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरासाठी किंमत नियंत्रण आदेश काढला.

हे सांगायचं कारण म्हणजे पर्यायच नसेल तर किंमत कुठवर जाऊ शकते, हे विदर्भाने एकदा पाहिलेलं आहे. त्यामुळे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये बायर मोन्सॅन्टोला घेणार अशी घोषणा झाली, तेव्हा आधीच मोठी असलेली कंपनी अजून मोठी होणार, ही भीती हवेतली नव्हती.

विदेशी सौद्याला दिल्लीची परवानगी का लागते?

कायदा आहे स्पर्धा अधिनियम, २००२. पण कंपन्यांच्या विलीनीकरणाबद्दलची त्यातली कलमं लागू व्हायला १ जून २०११ उजाडला. हा कायदा कंपनी कोणत्या देशातली आहे हे बघत नाही. भारतात तिची मालमत्ता किती, उलाढाल किती, हे बघतो. ठरलेल्या मर्यादेच्या वर असाल, तर आधी आयोगाकडे अर्ज करायचा, मंजुरी घ्यायची आणि मगच सौदा पूर्ण करायचा. मंजुरीच्या आधीच व्यवहार उरकला, तर दंड.

बायरची भारतातली कंपनी ठाण्यात, मोन्सॅन्टो इंडिया मुंबईत, महिको जालन्याची. सौदा परदेशात ठरला तरी त्याचे धागे महाराष्ट्रातच होते.

बायरने ऑगस्ट २०१७ मध्ये सीसीआयकडे अर्ज केला.

अशा अर्जावर आयोग दोन टप्प्यांत विचार करतो. पहिल्या टप्प्यात सरसकट प्रश्न एकच असतो की स्पर्धेला धोका दिसतो का? बहुतेक अर्ज इथेच मंजूर होतात. कायद्यातली भाषा 'स्पर्धेवर लक्षणीय प्रतिकूल परिणाम' अशी आहे. तसा परिणाम होईल असं प्रथमदर्शनी वाटलं, तर कंपन्यांना कारणे दाखवा नोटीस जाते आणि प्रकरण दुसऱ्या टप्प्यात जातं. तिथे सौद्याचे तपशील जाहीर करावे लागतात आणि ज्यांच्यावर परिणाम होऊ शकतो अशा कोणालाही लेखी हरकत घेता येते. बायर-मोन्सॅन्टो दुसऱ्या टप्प्यात गेलं. असे सौदे मोजकेच असतात. पहिला होता सन फार्मा आणि रॅनबॅक्सीचा, २०१४ मधला.

बाजार म्हणजे नेमका कुठला?

आयोगाचं अर्धं डोकं याच प्रश्नावर खर्च होतं. 'या कंपनीचा बाजारातला वाटा किती' असं आपण सहज म्हणतो. पण बाजार कोणता? 'शेतीमालाचा' असं म्हटलं तर कोणीच मोठं दिसणार नाही. 'बीटी कापसाच्या जनुकाच्या परवान्याचा' म्हटलं तर एकच कंपनी दिसेल.

त्यामुळे आधी बघतात की ग्राहक एका वस्तूऐवजी दुसरी घेऊ शकतो का. आणि किती लांबून घेऊ शकतो. सिमेंटचं पोतं हजार किलोमीटर नेणं परवडत नाही, म्हणून सिमेंटमध्ये बाजार प्रदेशापुरता धरतात. होल्सिम आणि लाफार्ज या जागतिक कंपन्या एक झाल्या तेव्हा आयोगाने पूर्व भारताचा वेगळा विचार केला आणि तिथले कारखाने विकायला लावले. बियाण्याचं पाकीट मात्र कुठूनही कुठेही जातं, जनुकाचा परवाना तर कागदावरचा. म्हणून तिथे अख्खा देश हा एकच बाजार.

एकदा बाजार ठरला की मग मोजमाप. जगभर त्यासाठी एक साधं गणित वापरतात. समजा गावात चार कृषी केंद्रं आहेत आणि प्रत्येकाकडे २५ टक्के गिऱ्हाईक. प्रत्येक वाट्याचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. ६२५ गुणिले ४, म्हणजे २,५००. आता त्यातली दोन दुकानं एक झाली. एकाकडे ५० टक्के, बाकी दोघांकडे २५-२५. बेरीज होते ३,७५०. आकडा एका झटक्यात १,२५० ने वाढला. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आकडा १,८०० च्या वर असेल आणि सौद्यामुळे शंभराहून जास्त वाढत असेल, तर सौदा संशयाच्या यादीत जातो. यावरून कल्पना करा.

पण आकडा हा फक्त ताप बघायचा थर्मामीटर. आजार कोणता ते वेगळं शोधावं लागतं.

कापसाच्या केसमध्ये आजार कोणते होते?

पहिला सरळ होता. दोघंही तेच विकतात अशा गोष्टी. तण मारणारी औषधं घ्या. मोन्सॅन्टोचं ग्लायफोसेट, म्हणजे राउंडअप. बायरचं ग्लुफोसिनेट, बास्टा. दोन्ही समोर येईल ते हिरवं जाळणारी, म्हणजे एकमेकांना पर्याय असलेली. दोन्ही एकाच घरात गेली तर पर्याय संपला. भाजीपाल्याच्या हायब्रिड बियाण्यांतही तसंच, मोन्सॅन्टोची सेमिनिस आणि बायरची नुन्हेम्स आमनेसामने होत्या.

दुसरा थोडा आडवळणाचा. मोन्सॅन्टोकडे महिकोचे २६ टक्के शेअर होते. आता २६ च का? कंपनी कायद्यात मोठे निर्णय घ्यायला ७५ टक्के मतं लागतात. ज्याच्या हातात २५ पेक्षा जास्त, तो एकटा मोठा निर्णय अडवू शकतो. बायर स्वतः भारतात बियाणं विकत होती, भातातलं अराईझ तुम्ही ऐकलं असेल. महिको ही त्या धंद्यातली दुसरी मोठी कंपनी. म्हणजे सौद्यानंतर बायर आपल्याच स्पर्धकाच्या घरात भागीदार म्हणून बसणार होती. स्पर्धकाला बुडवायची गरज नाही, त्याचे मोठे निर्णय अडवता आले तरी पुरे.

तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बियाणं, त्यातलं जनुक, त्या जनुकाला चालणारं तणनाशक आणि वर हवामान-जमिनीची माहिती देणारं ॲप, हे सगळं एकाच कंपनीकडे आलं तर ती म्हणू शकते की हे घ्यायचं तर तेही घ्या. यात कोणत्याही एका वस्तूचा भाव वाढवावा लागत नाही. नुसतं सगळं एकमेकांना बांधलं की दुसऱ्या कंपनीला आत यायला फटच राहत नाही.

हे केळापूरमध्ये लगेच कळेल. तणनाशक मारलं तरी न मरणारी कपाशी, जिला एचटीबीटी म्हणतात आणि आपल्याकडे लोक 'चोर बीटी', तिला भारतात अधिकृत परवानगी नाही. मोन्सॅन्टोच्या अशा कपाशीचा महिकोने केलेला अर्ज २०१६ मध्ये मागे घेतला गेला. तरी बिनबिलाची पाकिटं विदर्भात येतात, लोक घेतात, कारण निंदणाला मजूर मिळत नाही आणि मिळाला तर परवडत नाही. (बिल नाही म्हणजे उगवलं नाही तर तक्रारही नाही, हे घेणाऱ्यालाही माहीत असतं.) उद्या हे बियाणं कायदेशीर झालं, तर त्यावर चालणारं तणनाशक कोणाचं असेल आणि ते इतर कोणी विकू शकेल का, हा प्रश्न आयोगाला तेव्हाच पडला होता.

मग अटी काय घातल्या?

२२ मे २०१८ ला आयोगाने सशर्त मंजुरी जाहीर केली. अटी दोन प्रकारच्या होत्या.

काही गोष्टी विकून टाका. बायरचा ग्लुफोसिनेटचा धंदा, भाजीपाला बियाण्यांचा धंदा आणि महिकोमधले मोन्सॅन्टोचे ते २६ टक्के शेअर. यातला मोठा भाग जागतिक पातळीवरच जर्मनीच्या बीएएसएफने घेतला, कारण युरोप आणि अमेरिकेनेही तेच मागितलं होतं. अमेरिकेच्या न्याय विभागाने तर सुमारे ९ अब्ज डॉलरचे व्यवसाय विकायला लावले. विलीनीकरणाच्या मंजुरीसाठी एवढी मोठी विक्री त्या देशात आधी झालेली नव्हती.

काही गोष्टी सात वर्षं पाळा. भारतात आणलेली किंवा पुढे आणाल ती जनुकं मागेल त्या कंपनीला रास्त आणि भेदभाव नसलेल्या अटींवर परवान्याने द्या. तणनाशकाशी जोडलेलं नवीन जनुक आणलंत आणि ते तुमच्याच औषधावर चालत असेल, तर त्या औषधाचाही परवाना इतरांना द्या. भारतातली शेती-हवामानाची माहिती इतरांना मिळू द्या. एक घेतलं तर दुसरं घ्याच, अशी सक्ती करू नका. विक्रेत्याला फक्त आमचाच माल ठेव असं बांधू नका.

शेवटच्या दोन अटी कागदावर कोरड्या वाटतात. पण कृषी केंद्राच्या फळीवर काय मांडलेलं असतं ते यावरच ठरतं.

७ जून २०१८ ला सौदा पूर्ण झाला. मोन्सॅन्टो हे नाव बायरने बाजूला ठेवलं. पुढच्या वर्षी मोन्सॅन्टो इंडिया बायर क्रॉपसायन्समध्ये विलीन झाली.

फरक पडला का?

इथे जरा सावध राहायला हवं. सोशल मीडियावर 'विलीनीकरण झालं आणि बियाणं महागलं' अशी पोस्ट टाकणं सोपं आहे. २०१८ च्या हंगामात बीजी-२ चं पाकीट ७४० रुपयांना होतं, २०२५ मध्ये ९०१ रुपये. महागलं हे खरं. पण ही कमाल किंमत दरवर्षी केंद्र सरकार ठरवतं. त्यातली जनुकाची रॉयल्टी २०१८ मध्ये ३९ रुपये होती, पुढच्या वर्षी २० आणि २०२० पासून शून्य. म्हणजे पाकिटाची भाववाढ सौद्याच्या खात्यावर टाकता येत नाही.

उलट बाजूने विचारलं पाहिजे की नवीन काय आलं? बीजी-२ आलं २००६ मध्ये. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने त्याला न जुमानता बोंडं पोखरली, तो हंगाम यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. त्याच हंगामात फवारणीची विषबाधाही झाली. त्यानंतर बोंडअळीवर नवं जनुक दुकानात आलेलं नाही. याला फक्त सौदा जबाबदार नाही. कंपन्यांचं म्हणणं रॉयल्टीच नाही तर संशोधन कशाला आणू, सरकारी परवानग्यांचा घोळ वेगळा. पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट झाली. 'नवं जनुक आणाल तर सगळ्यांना द्या' ही आयोगाची सगळ्यात जोरदार अट होती, आणि ती वापरायची वेळ कापसात आलीच नाही.

आता सात वर्षांचा हिशेब करा. जून २०१८ अधिक सात, म्हणजे जून २०२५. अटींची मुदत सरली. एचटीबीटीला उद्या मंजुरी मिळाली, तर जनुक-तणनाशक बांधून विकण्याचा प्रश्न जसाच्या तसा समोर येईल, आणि तेव्हा २०१८ ची ही अट हाताशी नसेल. माझ्या मते आयोगाचा अंदाज बरोबर होता, मुदत मोजायची पद्धत चुकली. शेतीतलं तंत्रज्ञान यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. अट सौद्याच्या तारखेपासून मोजण्याऐवजी जनुक बाजारात येईल त्या दिवसापासून मोजली असती तर?

यावर कोणी म्हणेल, अट नसली तरी कायदा आहेच, कंपनीने दादागिरी केली तर तेव्हा तक्रार करू. त्याचंही उदाहरण याच कापसात आहे. जनुकाच्या परवान्यात मोन्सॅन्टो आपल्या ताकदीचा गैरवापर करते का, याची चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०१६ मध्ये लावली. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२३ मध्ये खंडपीठाने निकाल दिला की पेटंटधारकाने आपला हक्क कसा वापरायचा, हा विषय पेटंट कायद्याचा आहे, स्पर्धा आयोगाचा नाही. साडेसात वर्षांनी चौकशीच संपली. त्याच आयोगाने त्याच कंपनीच्या सौद्यावर दहा महिन्यांच्या आत अटी लावून दाखवल्या होत्या. सौद्याआधीची तपासणी का महत्त्वाची, ते या दोन तारखांतून दिसतं. मंजुरी हवी असते तोवर कंपनी ऐकते.

कायदा आता बदललाय

२०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि सप्टेंबर २०२४ पासून विलीनीकरणाचे नवे नियम लागू झाले. आयोगाला आता २१० ऐवजी १५० दिवसांत निर्णय द्यायचा आहे. सौद्याची किंमत २,००० कोटींच्या वर असेल आणि कंपनीचा भारतात मोठा कारभार असेल, तर उलाढाल कमी असली तरी परवानगी लागेल. ही दुरुस्ती का आली? फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप घेतलं तेव्हा व्हॉट्सॲपची कमाई नगण्य होती, वापरणारे मात्र कोट्यवधी. उलाढालीच्या चाळणीत असे सौदे खालून निसटतात. पीव्हीआर-आयनॉक्सचंही तसंच, कोविडमध्ये थिएटर बंद, उत्पन्न घसरलेलं, त्यामुळे देशातल्या दोन सगळ्यात मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या आयोगाच्या परवानगीशिवाय एक झाल्या. फक्त सौद्याची किंमत बघायचा नवा नियम मोबाईल ॲपसाठी जास्त कामाचा आहे, बियाण्यांसाठी तसा कमी.

एक टीका जुनीच आहे. आयोगाने आजवर हजाराहून जास्त सौदे पाहिले, पण सरळ नकार देऊन एकही अडवलेला नाही. झी-सोनीला तीन चॅनल विकायच्या अटीवर मंजुरी दिली होती, तो सौदा मोडला तो त्यांच्या आपसातल्या वादामुळे. आयोगाची बाजू अशी की अटी घालून काम होत असेल तर नकार कशाला. ठीक आहे. पण मग अटी पाळल्या जातात का, हे शेवटपर्यंत कोण बघतं आणि ते लोकांना कधी कळतं, याचं उत्तर जास्त मोकळेपणाने मिळायला हवं.

आणि हरकतीचं काय? दुसऱ्या टप्प्यात सौद्याचे तपशील आयोगाच्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर आणि आघाडीच्या दैनिकांत द्यावे लागतात, त्यात अर्थविषयक दैनिकंही असतात. बायर-मोन्सॅन्टोच्या वेळी हरकतीसाठी कायद्यात पंधरा कामकाजाच्या दिवसांची मुदत होती. कायद्यात 'परिणाम होणारी कोणतीही व्यक्ती' असं लिहिलंय, म्हणजे पाटणबोरीचा कापूस उत्पादकही त्यात येतो. फक्त त्या मुदतीत त्याने दिल्लीत निघालेली इंग्रजी नोटीस वाचलेली असायला हवी.